समाजात राहण्याचा हक्क : दिव्यांग धोरणाची नवी कसोटी

बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे आई-वडील उतारवयाकडे झुकू लागले की एक प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही : ‘आमच्यामागे याचे कोण पाहणार?’ आजवर या प्रश्नाला बहुधा दोनच उत्तरे उपलब्ध होती. नात्यातील कोणीतरी त्याचा भार उचलील, हे पहिले. त्याला एखाद्या निवासी संस्थेत ठेवावे लागेल, हे दुसरे. पहिले उत्तर नातेवाइकांच्या परिस्थितीवर आणि मर्जीवर अवलंबून असते. दुसऱ्यात अन्न, वस्त्र व निवारा यांची सोय होते; परंतु गाव, शेजार, ओळखीची माणसे आणि स्वतःच्या दिनक्रमावरील अधिकार या गोष्टी बहुधा मागे राहतात.

या दोहोंपलीकडे तिसरे उत्तर संभवते. ते म्हणजे आवश्यक त्या आधारासह इतर नागरिकांप्रमाणेच समाजात राहणे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने या उत्तराला हक्काचे स्वरूप दिले. हा हक्क प्रत्यक्षात उतरण्यासाठी कोणती व्यवस्था लागते, शासनाने त्या दिशेने काय केले आणि कोणत्या उणिवा राहिल्या आहेत, याचा विचार स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी जसा उपयुक्त आहे, तसाच तो भावी प्रशासकांसाठीही आवश्यक आहे.

संकल्पना

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले आणि ३ मे २००८ पासून हा करार अमलात आला. त्याचा अनुच्छेद १९ स्वतंत्र जीवन आणि समाजातील समावेश यांविषयी आहे. त्याचे तीन घटक ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला घटक निवडीचा : कोठे व कोणासमवेत राहावे हे ठरविण्याची संधी दिव्यांग व्यक्तीस इतरांइतकीच असली पाहिजे. दुसरा आधाराचा : घरपोच सेवा, निवासी सेवा व व्यक्तिगत साहाय्य उपलब्ध असले पाहिजे. तिसरा सार्वजनिक सेवांचा : शाळा, दवाखाना, बस, बाजार, मतदान केंद्र अशा सर्वांसाठी असलेल्या सुविधा दिव्यांग व्यक्तींनाही समान पातळीवर वापरता आल्या पाहिजेत.

येथे ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ सर्व कामे स्वतःच्या हातांनी करणे असा नाही. आंघोळीसाठी किंवा जेवणासाठी दुसऱ्याची मदत लागणारी व्यक्तीही स्वतंत्र असू शकते. मात्र ती मदत केव्हा, कोणाची आणि कशी घ्यावी याचा निर्णय तिच्याकडे हवा. त्याचप्रमाणे ‘संस्था’ ही केवळ मोठ्या इमारतीवरून किंवा निवासींच्या संख्येवरून ओळखली जात नाही. करारावरील समितीने २०१७ मध्ये केलेल्या विवेचनानुसार एकाकीपणा, सर्वांसाठी ठरावीक व ताठर दिनक्रम आणि दैनंदिन निर्णयांवर नियंत्रणाचा अभाव ही संस्थेची लक्षणे होत. या कसोटीवर आठ जणांचे छोटे घरही ‘संस्था’ ठरू शकते.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. एकूण लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के भरते. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. ही गणना १९९५ च्या कायद्यातील प्रवर्गांच्या आसपासच्या व्याख्यांवर आधारलेली होती. त्या कायद्यात दिव्यांगतेचे ७ प्रकार होते, २०१६ च्या अधिनियमात ते २१ झाले. त्यामुळे जुने आकडे आजच्या गरजेचे मोजमाप कमीच दाखवितात.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीतील (जुलै ते डिसेंबर २०१८) निष्कर्ष अधिक बोलके आहेत. दिव्यांग व्यक्तींपैकी ३.७ टक्के व्यक्ती एकट्या राहत होत्या, तर ६२.१ टक्के व्यक्तींना काळजीवाहक उपलब्ध होता. शासनाकडून साहाय्य मिळालेल्यांचे प्रमाण मात्र २१.८ टक्के होते आणि दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्यांचे २८.८ टक्के. याचा अर्थ असा की भारतातील बहुसंख्य दिव्यांग व्यक्ती संस्थेत नव्हे, तर घरीच राहतात. म्हणून भारतापुढील प्रश्न पाश्चात्त्य देशांप्रमाणे केवळ संस्था रिकाम्या करण्याचा नाही. घरात असूनही समाजापासून तुटलेल्या व्यक्तींपर्यंत आधार पोहोचविणे हा त्याचा मोठा भाग आहे.

संविधान आणि कायद्याची वाटचाल

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करण्याचे निदेशक तत्त्व आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या नोंद ९ नुसार विकलांग व रोजगारास अक्षम व्यक्तींना साहाय्य हा विषय राज्यांकडे आहे. अकराव्या व बाराव्या अनुसूचींनी तो पंचायती व नगरपालिका यांच्या कार्यकक्षेतही आणला आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या पूर्ततेसाठी अनुच्छेद २५३ अन्वये संसदेस कोणत्याही विषयावर कायदा करता येतो. २०१६ चा अधिनियम हा संयुक्त राष्ट्रांच्या कराराची अंमलबजावणी करण्यासाठीच करण्यात आला.

कायद्याच्या वाटचालीत तीन टप्पे दिसतात. अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५ चा भर शिक्षण, आरक्षण आणि पुनर्वसन यांवर होता. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम करण्यात आला. या व्यक्तींना शक्य तितके स्वतंत्रपणे आणि आपल्या समाजाच्या शक्य तितके जवळ राहता यावे, तसेच आई-वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या काळजीची व्यवस्था व्हावी, ही या न्यासाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी केंद्र शासनाने १०० कोटी रुपयांचा निधी दिला.

तिसरा टप्पा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या अधिनियमाचा. त्याच्या कलम ५(१) नुसार दिव्यांग व्यक्तींना समाजात राहण्याचा हक्क आहे. कलम ५(२) नुसार त्यांना विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहणे भाग पडू नये आणि घरपोच, निवासी व इतर सामुदायिक सेवा, तसेच व्यक्तिगत साहाय्य मिळावे, यासाठी शासन प्रयत्न करील. विद्यार्थ्यांनी या दोन पोटकलमांतील शब्दयोजना काळजीपूर्वक वाचावी. पहिल्यात हक्क निःसंदिग्ध आहे. दुसऱ्यात त्या हक्कास आवश्यक असलेल्या सेवांबाबत केवळ ‘प्रयत्ना’ची भाषा आहे. कलम २४ मधील सामाजिक सुरक्षेची तरतूदही ‘आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत’ आहे. हक्क आणि सेवा यांमधील हे अंतर हाच आजच्या धोरणाचा कळीचा प्रश्न होय.

कलम ९ नुसार दिव्यांगतेच्या कारणावरून मुलाला आई-वडिलांपासून वेगळे करता येत नाही. मुलाच्या सर्वोत्तम हितासाठी आवश्यक असेल तेव्हाच सक्षम न्यायालय तसा आदेश देऊ शकते. आई-वडील सांभाळ करू शकत नसल्यास प्रथम जवळचे नातेवाईक, त्यानंतर समाजातील कुटुंबसदृश व्यवस्था आणि अपवादात्मक परिस्थितीतच निवारागृह असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. कलम १४ मधील ‘मर्यादित पालकत्वा’ची कल्पना तितकीच महत्त्वाची आहे. तीत पालकाने दिव्यांग व्यक्तीच्या जागी निर्णय घ्यायचा नसून, परस्पर विश्वासाने तिच्यासमवेत घ्यायचा आहे. १९९९ च्या कायद्यातील पालकत्वाची कल्पना याहून अधिक व्यापक असल्याने या दोहोंचा मेळ घालण्याचे काम शिल्लक आहे.

संस्थांच्या अनुभवातून मिळालेले धडे

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्णगृहास आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या २५ हून अधिक रुग्णांचा तीत होरपळून मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. निवारा देण्याच्या नावाखाली माणसाला बंदिस्त करणारी व्यवस्था कोणत्या थरास जाऊ शकते, हे या दुर्घटनेने देशापुढे आणले.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ मध्ये या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सुविधा नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणासही मानसिक आरोग्य आस्थापनेत राहावे लागू नये, असे ते कलम सांगते. त्यासाठी रुग्णालय व घर यांमधील टप्प्याची निवासस्थाने, म्हणजे ‘हाफ-वे होम’, आणि गटनिवास उभारण्याची जबाबदारी शासनावर आहे. बऱ्या झालेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्देश दिले. २०२१ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रासंदर्भात असे स्पष्ट केले की, मानसिक रुग्णालयांतील अशा व्यक्तींना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलविणे हे पुनर्वसन नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये बौद्धिक दिव्यांगता असलेल्या व्यक्तींच्या निवासी संस्थांची देशव्यापी पाहणी करण्याचे काम न्यायालयाने राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपविले.

याउलट टोकाची चूक अमेरिकेच्या अनुभवातून कळते. तेथे १९६३ च्या कायद्याने मोठी मनोरुग्णालये रिकामी करून सामुदायिक केंद्रे उभारण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. रुग्णालयांतील खाटा कमी झाल्या. परंतु अपेक्षित संख्येने केंद्रे उभी राहिली नाहीत. परिणामी अनेक मनोरुग्ण बेघर झाले, तर अनेक तुरुंगांत जाऊन पोहोचले. संस्था बंद करणे म्हणजे समाजजीवन देणे नव्हे, हा त्यातील धडा आहे.

केंद्र शासनाच्या योजना

दिव्यांगजन सशक्तीकरणासाठी २०१२ मध्ये केंद्रात स्वतंत्र विभाग निर्माण झाला. समाजजीवनाच्या दृष्टीने त्याच्या व इतर विभागांच्या योजनांची विभागणी चार गटांत करता येईल.

पहिला गट निवास व काळजी यांचा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘दिशा’ व ‘विकास’ योजनांत दिवसा चालणाऱ्या केंद्रांची कल्पना आहे. ‘समर्थ’मध्ये कुटुंबाला काही काळ विसावा मिळावा यासाठी अल्पकालीन निवासाची, तर ‘घरौंदा’मध्ये प्रौढांसाठी गटनिवासाची. ‘सहयोगी’ ही काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची योजना आहे. ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती पालकनियुक्तीचे काम पाहते.

दुसरा गट पुनर्वसनसेवांचा. दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेतून स्वयंसेवी संस्थांना गृहाधारित व समाजाधारित पुनर्वसनासाठी अनुदान मिळते. १९८१ पासून चालू असलेल्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेतून तीनचाकी, श्रवणयंत्रे, कृत्रिम अवयव आदी साधने दिली जातात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार मोठ्या शहरांतील रुग्णालयांबाहेर आणण्याचा प्रयत्न केला.

तिसरा गट सुगम्यतेचा. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत’ अभियान सुरू झाले. इमारती, वाहतूक आणि माहिती-संचार ही त्याची तीन क्षेत्रे होत. घरात सर्व सेवा मिळाल्या, पण बसमध्ये चढता आले नाही, तर समाजजीवन उंबऱ्यापाशीच संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश दिले.

चौथा गट उत्पन्नाच्या आधाराचा. २००९ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील १८ ते ७९ वयाच्या व्यक्तीस केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. ही रक्कम २०१२ मध्ये ठरली. त्यात भर घालणे राज्यांवर सोपविलेले आहे. कलम २४ नुसार दिव्यांगांना अशाच स्वरूपाच्या इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळावयास हवे. वृद्धांसाठीच्या २०० रुपयांशी तुलना करता ही अट कागदोपत्री पूर्ण होते. तथापि दिवसाला १० रुपयांत कोणता आधार विकत घेता येईल, हा प्रश्न उरतोच.

राज्यांचे प्रयोग

या बाबतीत केरळचा अनुभव लक्षणीय आहे. बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांसाठी तेथे ‘कुटुंबश्री’ व ग्रामपंचायती यांनी मिळून ‘बड्स’ शाळा सुरू केल्या. पहिली शाळा २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर येथे निघाली. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी याच धर्तीवर पुनर्वसन केंद्रे आहेत. अशा संस्थांची एकूण संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. मूल दिवसा केंद्रात असते आणि संध्याकाळी आपल्या घरी परतते. त्यामुळे आईला काही तास मोकळे मिळतात व तिला रोजगार करणे शक्य होते. केरळच्याच ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्यास दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम अल्प असली, तरी काळजी घेणे हे श्रम आहेत, ही त्यामागील मान्यता महत्त्वाची आहे.

तमिळनाडूत १९९३ पासून कार्य करणाऱ्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘होम अगेन’ उपक्रम सुरू केला. दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहिलेल्या चार-पाच व्यक्ती सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरात एकत्र राहतात. काय शिजवावे, बाजारात केव्हा जावे, कोणता सण कसा साजरा करावा हे त्या स्वतः ठरवितात आणि आवश्यकतेनुसार साहाय्यक त्यांना मदत करतात. हा उपक्रम पुढे केरळ, आसाम व महाराष्ट्र येथेही पोहोचला. तमिळनाडू शासनाने जागतिक बँकेच्या १६.२ कोटी डॉलरच्या साहाय्याने २०२२ पासून दिव्यांगांसाठीच्या सेवा लोकांच्या घराजवळ नेण्याचा ‘राइट्स’ प्रकल्प हाती घेतला.

या प्रयोगांत एक समान सूत्र आढळते. सेवा व्यक्तीच्या वस्तीपर्यंत गेली. सेवेसाठी व्यक्तीला वस्ती सोडावी लागली नाही.

अर्थशास्त्रीय बाजू

अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (२००९) या ग्रंथात दिव्यांगतेमुळे होणाऱ्या हानीचे दोन प्रकार सांगितले आहेत. उत्पन्न मिळविणे कठीण होते, हा पहिला. आणि मिळालेल्या उत्पन्नाचे चांगल्या जीवनात रूपांतर करणे कठीण होते, हा दुसरा. ज्या कामासाठी इतरांना बसचे तिकीट पुरते, त्याच कामासाठी चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला रिक्षा व सोबतीला माणूस घ्यावा लागतो. सेन यांनी उद्धृत केलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत होते. दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के होते, आणि दिव्यांगतेमुळे येणारा जादा खर्च हिशेबात घेताच ते ४७.४ टक्क्यांवर गेले. केवळ उत्पन्नावरून दारिद्र्य मोजणाऱ्या पद्धतीला ही दुसरी हानी दिसतच नाही.

काळजीच्या श्रमाचा हिशेबही असाच अदृश्य राहतो. २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के महिला घरातील व्यक्तींच्या विनामूल्य काळजीत सहभागी होत्या आणि त्या त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देत होत्या. पुरुषांच्या बाबतीत हे आकडे २१.४ टक्के व ७४ मिनिटे होते. हे आकडे सर्व प्रकारच्या काळजीचे आहेत. सतत आधार लागणारी व्यक्ती घरात असेल, तर हा वेळ कितीतरी वाढतो आणि बहुधा आई, पत्नी किंवा बहीण यांना रोजगार सोडावा लागतो. शासनाच्या अंदाजपत्रकात या सेवेचा खर्च दिसत नाही, म्हणून ती स्वस्त वाटते. वस्तुतः तिची किंमत त्या स्त्रीच्या गमावलेल्या मजुरीतून, आरोग्यातून आणि वार्धक्यातील असुरक्षिततेतून चुकती होत असते. सेवांविना समाजजीवनाचा पुरस्कार करणे म्हणजे शासनाचा भार कुटुंबावर आणि कुटुंबाचा भार स्त्रीवर टाकणे होय.

उणिवा आणि पुढील दिशा

विद्यमान व्यवस्थेतील पहिली उणीव विखुरलेपणाची आहे. निवृत्तिवेतन ग्रामविकास, उपचार आरोग्य, निवास व उपकरणे दिव्यांगजन सशक्तीकरण अशा वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. व्यक्ती मात्र एकच आहे. दुसरी उणीव प्रमाणपत्राची. त्याविना बहुतेक योजनांची दारे बंद राहतात. तिसरी म्हणजे निवासी योजनांची भिस्त स्वयंसेवी संस्थांच्या प्रस्तावांवर असते. त्यामुळे जेथे सक्षम संस्था नाहीत, अशा दुर्गम जिल्ह्यांत सेवाही पोहोचत नाहीत.

या पार्श्वभूमीवर काही उपाय सुचतात. कलम २४ मध्ये उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे; त्यास सर्व राज्यांत निश्चित रकमेची जोड द्यावी. निवृत्तिवेतनाची रक्कम महागाई निर्देशांकाशी निगडित करावी. प्रत्येक तालुक्यात किमान एक दिवसकालीन केंद्र आणि अल्पकालीन निवासाची सोय असावी. स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतून केरळप्रमाणे सेवा उभारल्यास अकराव्या व बाराव्या अनुसूचींतील तरतुदींना अर्थ प्राप्त होईल. व्यक्तिगत साहाय्यक हा प्रशिक्षित व योग्य वेतनाचा व्यवसाय झाल्यास ग्रामीण युवकांना रोजगारही मिळेल. विद्यमान निवासी संस्था एकाएकी बंद न करता, निवासींची इच्छा जाणून घेऊन, त्यांना टप्प्याटप्प्याने छोट्या घरांत नेण्याचे वेळापत्रक आखावे.

समारोप

गेल्या तीन दशकांत भारताच्या दिव्यांग धोरणाने कल्याणाकडून हक्काकडे लांबचा पल्ला गाठला आहे. या धोरणाचे यश आता किती संस्थांना अनुदान दिले आणि किती उपकरणे वाटली, एवढ्यावरून मोजता येणार नाही. आधार लागणारी व्यक्ती आपल्या पसंतीच्या घरात राहू शकते काय, तिच्यासाठी दुसऱ्या कोणाचे आयुष्य खर्ची पडत नाही ना, आणि आई-वडिलांच्या पश्चातही ते घर टिकते काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरेल. ‘आमच्यामागे याचे कोण पाहणार?’ असे विचारणाऱ्या वृद्ध आई-वडिलांना कायद्याचे कलम दाखविणे पुरेसे नाही. त्यांच्या हयातीतच घराजवळ उभी असलेली आणि प्रत्यक्ष चालू असलेली सेवा त्यांना दिसली पाहिजे. अधिनियमातील ‘प्रयत्न’ या शब्दाचे तरतुदीत, आणि तरतुदीचे सेवेत रूपांतर करणे, हे येत्या काळातील प्रशासनापुढील खरे काम आहे.